पदवीचा मुख्य विषय आणि पुढची वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयाच्या विषयनिवड मदत कक्षात जून-जुलैमध्ये आणि पुन्हा दुसरे सत्र संपताना विद्यार्थी व पालक जे प्रश्न सातत्याने विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांच्या पदवीला धरून आहेत. अभियांत्रिकी, वैद्यकीय व कृषी पदव्यांची रचना वेगळी असल्यामुळे त्या येथे घेतलेल्या नाहीत. विद्यापीठागणिक तपशिलांत फरक पडतो, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयाची त्या वर्षीची माहितीपुस्तिका जरूर वाचावी.

१. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे नेमके काय आहे? आमच्या वेळी फक्त ‘स्पेशल’ विषय असायचा.

हा प्रश्न बहुधा पालकांकडून येतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले. त्यानुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीची नवी रचना लागू झाली. मेजर म्हणजे मुख्य विषय, जवळजवळ पूर्वीचा ‘स्पेशल’. मायनर हा त्याच्या जोडीचा गौण विषय असतो आणि ओपन इलेक्टिव्ह सहसा दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यावा लागतो. यांखेरीज कौशल्याचे, भाषेचे आणि भारतीय ज्ञानप्रणालीचे छोटे अभ्यासक्रम, क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असते. सगळ्याची मोजणी श्रेयांकांत, म्हणजे क्रेडिटमध्ये होते. वर्गातील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक आणि प्रात्यक्षिकाच्या ३० तासांना एक श्रेयांक असा हिशेब आहे. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात आणि त्यांतील सुमारे निम्मे मुख्य विषयाचे असतात.

२. मुख्य विषय प्रवेश घेतानाच ठरवावा लागतो का?

बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षी दोन-तीन विषय बरोबरीने शिकवले जातात आणि दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला त्यांतून एक मुख्य व एक गौण विषय निवडायचा असतो. म्हणून प्रवेशाच्या दिवशी तुम्ही खरे तर मुख्य विषय निवडत नसता. ज्यांतून तो पुढे निवडता येईल, ते विषय तुम्ही निवडत असता. हा फरक लक्षात न आल्याने होणारे नुकसान मी दर वर्षी पाहतो. ‘वेळापत्रक सोयीचे आहे’ एवढ्याच कारणावरून पहिल्या वर्षी संख्याशास्त्र सोडलेल्या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी ते मुख्य विषय म्हणून हवे असते, पण तोवर तो रस्ता राहिलेला नसतो. निवड करून झाल्यावर विषय चुकल्यासारखे वाटत असेल, तर प्रश्न ११ पाहावा.

३. मला नक्की काय आवडते तेच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

आवड घरी बसून, विचार करून सापडत नाही. ती काम करताना कळते. विषयाचे नाव, त्याची प्रतिष्ठा आणि बारावीत मिळालेले गुण या तिन्ही गोष्टी बाजूला ठेवून एकच प्रश्न स्वतःला विचारावा : या विषयाचा माणूस दिवसभर काय करतो, आणि ते मला रोज करवेल का?

हे तपासण्याचे साधन प्रत्येक महाविद्यालयात असते आणि त्याला पैसे पडत नाहीत. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून त्या विषयाचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. पहिल्या वर्षाचा नको, कारण तो बहुतांशी बारावीचीच उजळणी असतो. मग ग्रंथालयातून तृतीय वर्षाचे एक क्रमिक पुस्तक आणि मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात आणि एक प्रकरण शांतपणे वाचावे. सगळे समजावे अशी अपेक्षा नाही. दीड तासानंतर पुढे काय आहे हे पाहावेसे वाटते की पुस्तक मिटावेसे वाटते, एवढेच नोंदवून ठेवावे.

एका विद्यार्थिनीचे उदाहरण मला नेहमी आठवते. तिला सूक्ष्मजीवशास्त्रच हवे होते, कारण साथीच्या काळात विषाणूंविषयी वाचून ती भारावून गेली होती. मी तिला विभागाच्या प्रयोगशाळेत तीन दिवस नुसते बसून पाहायला सांगितले. पहिल्या दिवशी तिने काचेच्या तबकड्या धुणे, जंतू वाढवण्याचे माध्यम तयार करणे आणि ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणे पाहिले. दुसऱ्या दिवशी तारेच्या वेढ्याने तबकडीवर रेघा ओढणे आणि मग चोवीस तास थांबणे होते. तिसऱ्या दिवशी उगवलेल्या ठिपक्यांसारख्या वसाहती मोजून वहीत नोंद करायची होती. ती परत आली आणि म्हणाली, ‘सर, मला जंतूंपेक्षा त्या मोजणीत आणि नोंदीतच जास्त गंमत वाटली.’ तिने संख्याशास्त्र मुख्य आणि सूक्ष्मजीवशास्त्र गौण घेतले. आकर्षण खरे होते, फक्त ते कशाचे आहे हे तिला कामाजवळ गेल्यावर उमगले.

प्रयोगशाळा नसलेल्या विषयांसाठी ‘स्वयम्’ या केंद्र शासनाच्या व्यासपीठावरील अभ्यासक्रम उपयोगी पडतात. शिकणे मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी मात्र शुल्क असते. पहिले चार आठवडे नेटाने पूर्ण केले तरी पुष्कळ उलगडते.

४. कोणत्या विषयाला ‘स्कोप’ आहे?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि या रूपात त्याला उत्तर देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. वाव विषयाला एकट्याला नसतो. विषय, त्याच्या जोडीचे कौशल्य, पुढची पदवी आणि तुम्ही जिथे राहायला व काम करायला तयार आहात ते ठिकाण, या सगळ्यांचा मिळून तो ठरतो.

रसायनशास्त्र घ्या. तारापूर, रोहा, महाड, लोटे परशुराम, कुरकुंभ अशा औद्योगिक वसाहतींत रासायनिक व औषधी कारखाने आहेत आणि त्यांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळांत बी.एस्सी. झालेले विद्यार्थी लागतात. काम पाळ्यांमध्ये असते आणि एचपीएलसीसारख्या उपकरणांवर नमुने तपासून प्रत्येक आकडा तारीख-वेळेसह नोंदवायचा असतो. ज्याला ही शिस्त मानवते आणि कारखान्याजवळ राहणे चालते, त्याला वाव आहे. ज्याला फक्त शहरातच राहायचे आहे, त्याच्यासाठी त्याच पदवीचा वाव निराळा असतो.

भूशास्त्राचे नाव घेतले की पालक गप्प होतात. पण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेसारख्या शासकीय यंत्रणेत, खाणकामात, बोगदे व धरणांच्या पायाभरणीच्या कामात याच विषयाची माणसे लागतात आणि हा विषय शिकवणारी महाविद्यालये मोजकीच आहेत. भूगोलाबरोबर संगणकीय नकाशांचे, म्हणजे जीआयएसचे कौशल्य आले की त्या पदवीचे मोल बदलते. केवळ ‘भूगोल’ या नावावरून ते दिसत नाही.

तेव्हा ‘स्कोप आहे का’ असे न विचारता ‘ही पदवी घेऊन गेल्या दोन-तीन वर्षांत याच विभागातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात’ असे विभागप्रमुखांना विचारावे. पाच माजी विद्यार्थ्यांशी झालेले फोनवरचे बोलणे कोणत्याही करिअर मेळाव्याहून अधिक सांगून जाते.

५. चुकीचा विषय घेतल्याने एखादी वाट कायमची बंद होते का?

होय, काही वाटा बंद होतात आणि त्या आधीच माहीत असाव्यात. बहुतेक नोकऱ्यांची पात्रता ‘कोणत्याही शाखेची पदवी’ एवढीच असते, त्यामुळे सरसकट घाबरण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणी विषयाची अट आहे, तिथे मात्र नंतर कितीही अभ्यास केला तरी ती अट सुटत नाही.

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. भारतीय वनसेवेसाठी मात्र पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, पशुवैद्यक यांपैकी किमान एक विषय असावा लागतो, अथवा कृषी, वनविद्या किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. भारतीय सांख्यिकी सेवेसाठी संख्याशास्त्र हा पदवीचा एक विषय असणे किंवा त्यात पदव्युत्तर पदवी असणे आवश्यक आहे, तर भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. शाळेत शिकवायचे असेल तर बी.एड.ला कोणत्या विषयाची अध्यापन पद्धती मिळेल, हे पदवीच्या विषयांवरून ठरते. महाविद्यालयात शिकवायचे असेल तर त्या विषयाची पदव्युत्तर पदवी आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागते. महाराष्ट्र व गोवा या दोन्ही राज्यांसाठीची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

सर्वांत जास्त वाटा गणित सोडल्याने बंद होतात, आणि ते बहुधा बारावीतच सुटलेले असते. बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गणित नसेल तर ही वाट उरत नाही. म्हणून दोन विषयांमध्ये मन खरोखरच समसमान असेल, तर ज्यामुळे अधिक पात्रता शाबूत राहतात तो विषय घ्यावा, असे मी सांगतो. मन समसमान नसेल, तर मात्र केवळ या कारणासाठी नावडता विषय तीन वर्षे ओढू नये.

६. मला एमपीएससी किंवा यूपीएससीच करायची आहे. मग सोपा विषय घेतलेला बरा ना?

विषयाची अट कुठे आहे ते प्रश्न ५ मध्ये दिले आहे. राज्यसेवेला आणि नागरी सेवेला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते आणि यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवीही ग्राह्य आहे. तरीही ‘सोपा विषय’ घेण्याच्या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. जागा शेकड्यांत आणि अर्जदार लाखांत, अशी ही परीक्षा आहे. चार-पाच वर्षे तिला दिलेला, पंचविशी ओलांडलेला मुलगा माझ्यासमोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या हातात पदवीचे प्रमाणपत्र असते, पण त्या विषयातले काहीही करता येत नसते. ते पाहणे अवघड जाते. अभ्यास स्पर्धा परीक्षेचा जरूर करावा, पण पदवीचा विषय असा घ्यावा की परीक्षा न लाभल्यास त्यावर उभे राहता येईल.

७. मायनर कसा निवडावा? मित्रांनी जो घेतला तोच घेऊ का?

गौण विषय दोन प्रकारे कामी येतो. एक म्हणजे मुख्य विषयाला हत्यार पुरवणारा : अर्थशास्त्राबरोबर संख्याशास्त्र, भूगोलाबरोबर संगणकशास्त्र, मराठीबरोबर पत्रकारिता किंवा भाषांतर. दुसरा म्हणजे पर्यायी वाट मोकळी ठेवणारा, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मुख्य किंवा गौण, यांपैकी कोणत्याही विषयात पुढे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुख्य विषयाबद्दल मनात थोडीही शंका असेल, तर गौण विषय या दुसऱ्या हेतूने निवडावा.

८. मला इतिहास घ्यायचा आहे आणि घरचे म्हणतात, सायन्सला मार्क असताना आर्ट्स कशाला?

पालकांची काळजी खोटी नसते. घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोहोचत असेल, तर त्या पदवीवर सगळ्यांच्या आशा असतात. म्हणून ‘मला आवडतो’ एवढे सांगून थांबू नये. तीन वर्षांनंतरच्या किमान दोन वाटा कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवाव्यात, प्रत्येक वाटेची प्रवेशपरीक्षा, खर्च आणि लागणारी वर्षे यांसह. इतिहासाच्या पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांची एल.एल.बी. करता येते. बी.एड. करता येते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील अभ्यासक्रमांची वाटही आहे. चांगल्या टक्केवारीचा पदवीधर सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमालाही थेट जाऊ शकतो : वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के गुण लागतात.

असा कागद घेऊन बसलेल्या घरांतला वाद निवळताना मी पाहिला आहे. तो नाही निवळला तर आई-बाबांना घेऊन कक्षात यावे. दोन्ही बाजू ऐकणारे तिसरे माणूस समोर असले, की बोलणे वेगळे होते.

९. साधी बी.एस्सी. करण्यापेक्षा बीसीए, बीबीए किंवा बायोटेक बरे नाही का?

नाव जितके विशिष्ट तितकी नोकरी जवळ, असा समज आहे आणि तो प्रत्येक वेळी खरा ठरत नाही. जैवतंत्रज्ञानाच्या पदवीनंतर चांगल्या कामासाठी बहुतेकांना एम.एस्सी. करावीच लागते. तिथे रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र पक्के असलेला विद्यार्थी मागे पडत नाही. बीसीए, बीबीए, बीएमएस हे अभ्यासक्रम २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून त्यांच्यासाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली आहे. तेव्हापासून काही ठिकाणी जवळपास तोच अभ्यासक्रम निराळ्या नावाने चालवला जातो. त्यात बेकायदा काही असेलच असे नाही, परंतु पदवी प्रमाणपत्रावर नेमके कोणते नाव छापले जाणार आहे, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

१०. तीन वर्षांनी थांबावे की चौथे वर्ष करावे? आणि मध्येच सोडावे लागले तर?

नोकरी, एल.एल.बी., बी.एड., एमबीए किंवा स्पर्धा परीक्षा यांसाठी तीन वर्षांची पदवी पुरेशी आहे. चौथे वर्ष प्रामुख्याने संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा समकक्ष श्रेणी असेल तर संशोधनासह ऑनर्स करता येते. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षाचे होते, आणि त्या पदवीत ७५ टक्के असल्यास थेट पीएच.डी. प्रवेशाची पात्रताही मिळते. आपल्या महाविद्यालयात चौथे वर्ष आहे का आणि मार्गदर्शन करणारे प्राध्यापक किती आहेत, हे दुसऱ्या वर्षीच विचारून ठेवावे.

मध्येच थांबावे लागल्यास एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते, मात्र त्यासाठी चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. श्रेयांक ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा राहतात, म्हणून ते खाते पहिल्याच सत्रात उघडून तिथले आपले नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळते का ते पाहावे. घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडणाऱ्या मुलींना मी आवर्जून सांगतो : नुसते येणे बंद करू नका, रीतसर अर्ज देऊन बाहेर पडा, म्हणजे परतीचा रस्ता राहील.

११. दुसरे वर्ष सुरू झाले आणि विषय चुकला असे वाटते. आता काय?

प्रथम विषय चुकला आहे की एखादा पेपर जड जात आहे, हे वेगळे करावे. एका पेपरात एटीकेटी लागली म्हणजे विषय चुकला असे होत नाही. प्रश्न ३ मधील कसोटी पुन्हा लावावी. विषय चुकला असेच उत्तर आले, तर सत्र सुरू झाल्यापासून पहिल्या काही दिवसांत विषय बदलण्याचा अर्ज बहुधा स्वीकारला जातो, पण नव्या विषयाचा पहिल्या वर्षाचा भाग तुम्ही शिकलेला असावा लागतो आणि जागाही शिल्लक असावी लागते. हे शक्य नसेल, तर हवा असलेला विषय गौण म्हणून घ्यावा (प्रश्न ७) आणि पदव्युत्तर स्तरावर वळण घ्यावे (प्रश्न १४). पहिल्या वर्षापासून पुन्हा सुरुवात करणे हा शेवटचा उपाय आहे, पण तो लाजिरवाणा नाही. विसाव्या वर्षी गेलेले एक वर्ष नंतर कुणी विचारतही नाही.

१२. मानसशास्त्र घेतले तर समुपदेशक होता येईल का?

केवळ बी.ए.वर नाही. पदव्युत्तर शिक्षण लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले व्यावसायिक शिक्षण आणि नोंदणी बंधनकारक आहे, आणि त्या जागा थोड्या असतात. पदवीनंतर किमान चार वर्षे धरून घरचा हिशेब मांडावा. शिवाय मुख्य पेपरांत संख्याशास्त्र आणि प्रयोग असतात, याची कल्पना नसल्याने अनेकांचा दुसऱ्या वर्षी विरस होतो.

१३. एकाच वेळी दोन पदव्या करता येतात का?

येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ही मुभा दिली. दोन्ही नियमित असतील तर तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक नियमित आणि दुसरी मुक्त अथवा ऑनलाइन असावी. संस्था मान्यताप्राप्त असल्याची खात्री करावी. एक पदवी नीट जमत नसताना दुसरी घेऊ नये.

१४. पदवी एका विषयाची आणि एम.ए. किंवा एम.एस्सी. दुसऱ्या विषयाची, असे चालते का?

चालते. प्रश्न ७ मध्ये सांगितलेल्या आराखड्यानुसार राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाल्यास पदवीचा विषय वेगळा असला तरी प्रवेश घेता येतो. प्रत्यक्षात विज्ञानाच्या अनेक विभागांची स्वतःची पूर्वअट असते, ती आधी पाहावी. कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे : पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला आयआयटीसारख्या संस्थांतील पदव्युत्तर प्रवेशासाठीची ‘गेट’ परीक्षा देता येते, आणि २०२१ पासून तिच्यात मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांचा पेपर आहे. आयआयटीतील एम.एस्सी.साठीच्या ‘जॅम’ परीक्षेत अर्थशास्त्र हाही एक पेपर आहे.

१५. मला हवा असलेला विषय आमच्या महाविद्यालयात सुरू आहे, पण विद्यार्थी कमी म्हणून यंदा तो बंद होईल असे ऐकले. मी काय करावे?

तालुक्याच्या ठिकाणी तत्त्वज्ञान, संस्कृत, भूशास्त्र, संख्याशास्त्र अशा विषयांबाबत हे वारंवार घडते आणि याची मला मनापासून खंत वाटते. ऐकीव माहितीवर विषय सोडू नये. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन विषय या वर्षी चालणार आहे का, हे विचारावे. इच्छुक विद्यार्थ्यांनी एकत्र सह्या केल्यास निर्णय बदललेला मी दोनदा पाहिला आहे. विषय बंदच झाला, तर तो शिकवणाऱ्या दुसऱ्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षी बदली प्रवेश घेता येतो का हे पाहावे. जमा झालेले श्रेयांक बरोबर नेता येतात, मात्र दोन्ही महाविद्यालये एकाच विद्यापीठाची असतील तर हे काम सोपे जाते. तेही शक्य नसेल तर तो विषय ‘स्वयम्’वरून श्रेयांकांसाठी घेता येईल का, हे परीक्षा विभागात विचारावे, कारण एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परवानगी आहे. प्राचार्यांना दिलेल्या अर्जाची पोच शिक्क्यासह घेऊन ठेवावी.